घरातल्या नौसैनिकाची जहाजं आणि तळ कसे शोधावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फौजी नसलेलं गाव सापडणं कठीण. त्यातले बहुतेक मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांचा इतिहास लावणं तुलनेनं सोपं, कारण पलटणीचा नंबर कळला की निम्मं काम होतं. नेव्हीत गेलेल्याचं तसं नसतं. त्याच्या बदल्या सतत होतात, एकच नाव वेगवेगळ्या काळात दोन-तीन जहाजांना दिलेलं असतं, आणि जहाज म्हणून लिहिलेलं नाव प्रत्यक्षात लोणावळ्याच्या डोंगरातल्या शाळेचं असू शकतं. ‘आजोबा तलवारवर होते’ हे घरातलं वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आधी तारीख हवी, मग नाव. खालची सगळी रीत याच क्रमानं लावली आहे.

कागद आणि वस्तू

शोध घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेपासून सुरू करा. हवं ते एवढं: सर्व्हिस सर्टिफिकेट किंवा डिस्चार्जचा कागद, पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ, पदकं, टोपीची फीत, गणवेशातले फोटो आणि घरी आलेली पत्रं. पाकिटं आणि अंतर्देशीय पत्रांचे पत्त्याचे भाग टाकून देऊ नका. मजकुरापेक्षा पत्ता जास्त कामाचा ठरतो.

जुना कागद लॅमिनेट करू नका. खानापूर भागातल्या पावसाळ्यात आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही, शाई पसरते आणि प्लॅस्टिक काढताना कागद फाटतो. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोरी वाटणारी मागची बाजूही घ्या, कारण बदलीचे शिक्के तिथेच मारलेले असतात.

पदकं ब्रासो, चिंच, राख कशानंही घासू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदकं नाव न कोरता दिली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. गोल पदकावर ते कडेला, ताऱ्यावर मागच्या सपाट बाजूला. अक्षरं बारीक असतात आणि घासून घासून जातात. पदक काळ्या कापडावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि बॅटरी अगदी आडवी धरून पदक हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारा आकडा तिरप्या उजेडात उमटतो. हा नंबर मिळाला की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्यावर चालतो. अलीकडच्या नंबरांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते सोडलं तर नंबर अपुरा राहतो.

पत्त्याचा रकाना

सीमाभागातल्या माणसाचा कागद इथेच चुकीच्या गठ्ठ्यात जातो. 1947 पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात, नंतर मुंबई राज्यात, 1 नोव्हेंबर 1956 पासून म्हैसूर राज्यात, 1973 पासून त्याच राज्याचं नाव कर्नाटक, आणि 2014 पासून जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी. एकाच माणसाच्या भरतीच्या कागदावर ‘बॉम्बे’ आणि पेन्शनच्या कागदावर ‘म्हैसूर’ असेल तर ती दोन माणसं नव्हेत.

संस्थानांकडेही लक्ष ठेवा. बेळगाव शहराला लागलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. चंदगडच्या जुन्या नौसैनिकाचा पत्ता ‘बेळगाम’ असणंच बरोबर. निपाणी वेगळा तालुका अलीकडे झाला, जुन्या कागदावर तालुका चिकोडीच दिसेल. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, म्हणून नुसतं ‘खानापूर’ वाचून निष्कर्ष काढू नका. पोस्टाचं नाव आणि जिल्हा दोन्ही जुळवा.

नावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारची सापडतात. कधी आडनावाऐवजी गावाचं नाव लागतं, कधी कर्नाटकी पद्धतीनं नुसती आद्याक्षरं पुढे येतात. शोधताना सगळे पर्याय लिहून ठेवा, पण माणूस नक्की करायचा तो नंबरावरून. जन्मतारखेवर फार भिस्त ठेवू नका. भरतीच्या वेळी सांगितलेलं वय आणि शाळेच्या दाखल्यावरचं वय पुष्कळदा वेगळं असतं.

सर्व्हिस शीट वाचताना

शीटवर, म्हणजे सर्व्हिस सर्टिफिकेटमधल्या नेमणुकांच्या नोंदीत, ओळीनं जहाजाचं नाव, हुद्दा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा, वर्तणूक आणि शेवटी डिस्चार्जचं कारण असतं. एका वहीत पाच रकाने आखा: पासून, पर्यंत, कागदावर जसं लिहिलंय तसं, ते प्रत्यक्षात काय होतं, आणि पुरावा. तिसऱ्या रकान्यात एक अक्षरही सुधारू नका. ‘कुकरी’ असं लिहिलं असेल तर तसंच ठेवा. त्या एका अक्षरावर काय अवलंबून आहे ते पुढे येईलच.

नावाच्या आधीची अक्षरं काळ सांगतात. 2 ऑक्टोबर 1934 पूर्वी दल होतं रॉयल इंडियन मरीन. त्या दिवसापासून रॉयल इंडियन नेव्ही आणि जहाजापुढे एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप). 26 जानेवारी 1950 पासून ‘रॉयल’ गेलं आणि आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) आलं. 1955 च्या नोंदीत कुणी एचएमआयएस लिहून दिलं असेल तर ती नोंद आठवणीवरून केलेली आहे, मूळ कागदावरून नाही.

आता गोंधळाचं मूळ. ब्रिटिश नौदलाच्या शिस्तीत प्रत्येक खलाशी कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असावा लागे. म्हणून जमिनीवरचे तळ, शाळा, दवाखानेसुद्धा जहाजासारखे ‘कमिशन’ झाले आणि त्यांना जहाजासारखी नावं मिळाली. भारतानं ती पद्धत ठेवली. या परिसरातल्या कागदांवर नेहमी दिसणारी नावं ओळखून ठेवावीत. शिवाजी म्हणजे लोणावळ्याची इंजिनिअरिंगची शाळा, 1945 पासून. वलसुरा म्हणजे जामनगर, 1942 पासून. आधी टॉर्पेडो, नंतर विजेचं प्रशिक्षण. वेंदुरुथी म्हणजे कोची. सिरकार्स म्हणजे विशाखापट्टणम. आंग्रे म्हणजे मुंबईचा मुख्य तळ, आणि तोच आधी डलहौसी या नावानं होता. डलहौसीवरून आंग्रेवर बदली दिसली तर माणूस हललेलाच नसेल, पाटी बदलली असेल. चिल्का म्हणजे ओडिशातलं नव्या भरतीचं केंद्र, 1980 पासून. त्याआधीच्या माणसाच्या शीटवर ते असूच शकत नाही. हंसा हे नौदलाच्या विमानांचं ठाणं 1961 मध्ये कोइम्बतूरजवळ सुलूरला सुरू झालं आणि 1964 मध्ये गोव्यात दाबोळीला आलं. म्हणून ‘हंसा’ दिसलं की लगेच गोवा लिहायचं नाही.

बहादूर, दिलावर, हिमालय, चमक ही चार नावं दिसली तर ती कराचीची. फाळणीनंतर ते तळ पाकिस्तानकडे गेले. आपल्या भागातली जी पोरं 1943–46 मध्ये ‘बॉय’ म्हणून भरती झाली, त्यांच्या पहिल्या ओळीत बहादूर किंवा दिलावर येण्याची शक्यता मोठी. ‘आजोबा पाकिस्तानच्या नेव्हीत होते’ असा गैरसमज काही घरांत यातूनच झालेला असतो.

तळाचं नाव आणि प्रत्यक्ष काम यांतही अंतर असतं. मोटर लाँच, लँडिंग क्राफ्ट असल्या छोट्या बोटींचे खलाशी मोठ्या तळाच्या पटावर असत. नावाशेजारी कंसात बोटीचा नंबर असेल तर खरी नेमणूक ती. कंस नसेल तर शीटवर दोन वर्षं मुंबई दिसते आणि माणूस त्या काळात ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्यावर असतो. अशा वेळी पदकांकडे जा. बर्मा स्टार असेल तर बंगालच्या उपसागरात कामगिरी झाली. नौदलाच्या बाबतीत ब्रह्मदेशाच्या जमिनीवर उतरण्याची अट नव्हती. 1971 साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार हे दोन वेगळे आहेत आणि कोणत्या आघाडीवर होता ते सांगतात.

एकच नाव, वेगळी जहाजं

सगळ्यात जास्त चुका ‘खुकरी’त होतात. पहिली फ्रिगेट एचएमआयएस कुकरी. तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘के’नंतर ‘एच’ नाही. फाळणीत ती भारताकडे आली आणि पुढे सर्वेक्षणाचं जहाज होऊन इन्व्हेस्टिगेटर झाली. दुसरी आयएनएस खुकरी 1958 ची, नंबर एफ 149. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिसरी 1989 ते 2021 ची, पी 49. घरात ‘खुकरीवर होते’ एवढंच माहीत असलं की लोक थेट 1971 लिहून मोकळे होतात. शीटवर 1948 असेल तर ते दुसरंच जहाज. ज्यांच्या घरचा माणूस खरोखर त्या रात्री गेला, त्यांच्या दुःखाशी हा हलगर्जीपणा बरा नव्हे.

तलवारचंही असंच. 1946 पर्यंतची तलवार हे जहाजच नव्हतं, ती मुंबईत कुलाब्याला असलेली सिग्नलची शाळा. 18 फेब्रुवारी 1946 ला नौसैनिकांचं बंड तिथून सुरू झालं. दुसरी तलवार फ्रिगेट, एफ 140, 1971 च्या कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात होती. तिसरी 2003 ची, एफ 40.

दिल्ली म्हणजे 1948 मध्ये आलेली क्रूझर, मूळची अकिलीस, 1978 पर्यंत. नंतरची विनाशिका 1997 पासून. म्हैसूर क्रूझर 1957 ते 1985, मूळची नायजेरिया. नंतरची 1999 पासून. विक्रांत 1961 ते 1997, नवी 2022 पासून. जहाजावरच्या नंबरावर सगळीकडे भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही विक्रांतचा नंबर आर 11 च आहे.

फाळणीत काही जहाजांची नावं गेली. सहा स्लूपांपैकी (स्लूप म्हणजे छोटी युद्धनौका) सतलज, जमना, किस्टना, कावेरी भारताकडे राहिल्या. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे जाऊन झेलम आणि सिंध झाल्या. 1946 मधली गोदावरी आणि स्वतंत्र भारतात बांधलेली गोदावरी यांचा काही संबंध नाही. किस्टना म्हणजे पुढची कृष्णा. इंग्रजी कागदात दोन्ही रूपं येतात.

वहीत हे कसं दिसतं ते एका काल्पनिक नमुन्यावरून पाहा. शीटवर ओळी अशा: बहादूर 1944, तलवार 1945, किस्टना 1947, डलहौसी 1950, दिल्ली 1953, वेंदुरुथी 1955. चौथ्या रकान्यात येईल: कराचीला बॉय म्हणून प्रशिक्षण, कुलाब्याची सिग्नल शाळा, म्हणजे शाखा संदेशवहनाची, स्लूपवर समुद्रातली नेमणूक, मुंबईचा तळ, क्रूझर, कोचीचा तळ. सहा नावांत जहाजं दोनच. आणि 1953 च्या ओळीपुढे आणखी एक तपास निघतो: त्या वर्षी जूनमध्ये दिल्ली इंग्लंडला राणीच्या राज्याभिषेकाच्या नौदल संचलनाला गेली होती, तर तारखा त्या महिन्याला कव्हर करतात का ते पाहायचं. घरातला ‘विलायतेचा’ फोटो तिथे बसतो की नाही ते ठरतं.

डिस्चार्जचं कारण

1946 चा डिस्चार्ज दिसला की बंडात होते असं गृहीत धरू नका. युद्ध संपल्यावर त्याच वर्षी हजारो खलाशी सरसकट मोकळे केले जात होते. कारणाच्या रकान्यात ‘रिलीज’ असेल तर ती नेहमीची सुटका. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ किंवा ‘डिसमिस्ड’ असेल आणि तारीख फेब्रुवारी 1946 नंतरची असेल, तर पुढे शोधायला आधार आहे. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनमध्ये या बंडाचा मान्य लढ्यांत समावेश आहे, म्हणून हा रकाना नीट वाचणं महत्त्वाचं.

फोटो आणि पाकिटं

फोटोत जहाजाच्या मागच्या टोकाचा झेंडा दिसत असेल तर काळ पटकन ठरतो. कोपऱ्यात युनियन जॅक आणि तांबडा क्रॉस: 26 जानेवारी 1950 पूर्वी. कोपऱ्यात तिरंगा आणि क्रॉस: 1950 ते ऑगस्ट 2001. क्रॉस नाही, निळं बोधचिन्ह: 2001 ते 2004. पुन्हा क्रॉस, मधोमध सिंहमुद्रा: 2004 पासून, 2014 मध्ये खाली ‘सत्यमेव जयते’ आलं. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट: 2 सप्टेंबर 2022 पासून. जुन्या कृष्णधवल फोटोत क्रॉस काळा दिसतो. कोपऱ्यातली नक्षी आडव्या पट्ट्यांची की फुलीची एवढं भिंगातून पाहिलं तरी पुरे.

टोपीच्या फितीवर नुसतं एचएमआयएस असून नाव नसेल तर फोटो बहुधा युद्धकाळातला. जहाज ओळखू नये म्हणून नाव गाळत.

पाकिटावर ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे’ असेल तर जहाज मुंबईच्या डाक व्यवस्थेवर होतं एवढंच कळतं. त्या दिवशी ते कुठे होतं ते कळत नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं.

तळ बांधणारे

भारतीय नौदलाकडे अमेरिकेच्या सीबीजसारख्या स्वतःच्या बांधकाम बटालियन नाहीत. धक्के, बराकी, रस्ते यांचं बरंचसं काम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएसकडून होतं. ही सेवा 1923 ची आणि लष्कराच्या इंजिनिअर-इन-चीफच्या हाताखालची. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या मोठ्या कामांना नेव्हल प्रोजेक्ट्सचे महासंचालक आहेत, कारवारला प्रोजेक्ट सीबर्डची स्वतंत्र यंत्रणा. म्हणून ‘काका नेव्हीत होते’ असं घरात सांगत असले तरी माणूस तळ बांधायला गेला असेल तर नौदलाकडे त्याचं नाव मिळणार नाही.

कागदावर जीई (गॅरिसन इंजिनिअर), एजीई (असिस्टंट गॅरिसन इंजिनिअर) किंवा सीडब्ल्यूई (कमांडर वर्क्स इंजिनिअर) ही अक्षरं असतील तर तो एमईएसचा. सर्व्हिस बुक त्या गॅरिसन इंजिनिअरच्या कार्यालयाकडे. बॉम्बे सॅपर म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचा जवान असेल तर खडकी, मद्रास सॅपर असेल तर बंगळूर, ग्रेफचा म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलाचा असेल तर पुण्याजवळ दिघी. युद्धकाळातला पायोनिअर कोअरचा (लष्कराच्या श्रमिक दलाचा) माणूस बंदरावर राबला असला तरी त्याची नोंद लष्कराची. गोदीतला फिटर, वेल्डर, सुतार हा नेव्हल डॉकयार्डचा नागरी कामगार. त्याचा टोकन नंबर शोधा.

ठेकेदाराकडे गेलेल्यांचं काम सगळ्यात अवघड, आणि कारवारच्या बाबतीत आपल्या भागातून गेलेले बरेचजण असेच. पायाभरणी 24 ऑक्टोबर 1986 ला राजीव गांधींच्या हस्ते, आयएनएस कदंब म्हणजे तिथला नौदल तळ कमिशन 31 मे 2005 ला. या दोन तारखांच्या मध्ये लाटारोधक बांध, 10,000 टन उचलणारी शिपलिफ्ट, वसाहती झाल्या; अंजदीव बेट बांधानं किनाऱ्याला जोडलं गेलं. मजुराकडे गेटपास, हजेरी कार्ड किंवा पीएफची पावती एवढंच उरतं. जुन्या पीएफ नंबराच्या सुरुवातीला केएन असेल तर आस्थापना कर्नाटकात नोंदलेली, एमएच असेल तर महाराष्ट्रात. काम कारवारला असून नंबर एमएच असू शकतो, कारण ठेकेदार तिकडचा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या कारवार-अंकोला भागातल्या गावांचे भूसंपादनाचे कागद उत्तर कन्नड जिल्ह्याच्या दप्तरात आहेत, कन्नडमध्ये. वाचणारा माणूस बरोबर न्या.

कुठे लिहायचं

नौसैनिकाच्या सेवेच्या तपशिलासाठी मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमधलं ब्यूरो ऑफ सेलर्स. पेन्शनच्या कागदासाठी मानखुर्दलाच आयएनएस तानाजीमार्फत चालणारं नौदलाचं पेन्शन कार्यालय. अधिकारी असेल तर दिल्लीचं नौदल मुख्यालय. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, नंबर पहिल्याच ओळीत, मागणी एकच आणि नेमकी: ‘सेवा केलेल्या जहाजांची व तळांची तारखांसह यादी’. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलेलं पत्र पडून राहतं.

माणूस हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि वंशावळ जोडावी लागते. आपल्याकडे नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळणारी वंशावळ कन्नडमध्ये असते, मुंबईच्या कारकुनाला ती वाचता येत नाही. नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर पहिल्याच वेळी लावा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी तेवढ्याचसाठी पत्र परत येतं. पत्रानं काम झालं नाही तर माहिती अधिकार: केंद्र सरकारच्या पोर्टलवर, कर्नाटकच्या नव्हे. फी 10 रुपये, अर्ज 500 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. वैयक्तिक माहिती म्हणून नकार आला तर नात्याचा पुरावा जोडून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत, मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नोंदींत आहेत. ही यादी इंटरनेटवर नावानं शोधता येते. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर. जहाजाच्या हालचालींसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, आणि 1947 पूर्वीसाठी लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि लंडनमध्येच क्यू या भागातलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. पण माणसाच्या तारखा पक्क्या झाल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही, कारण तिथले कागद जहाजाच्या नावानं आणि सालानं लागलेले आहेत.

उत्तर आलं की ते वहीतल्या तिसऱ्या रकान्याशी ओळीओळीनं ताडून पाहा. फरक आढळला तर घरचा कागद खोडू नका. दोन्ही नोंदी ठेवा आणि पाचव्या रकान्यात कुठली कुठून आली ते तारखेसह लिहा.